दरबारी कॅमेरा आणि घरगुती कॅमेरा

बीड जिल्हा ज्या निजामी राज्यांत १९४८ पर्यंत मोडत होता, त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांचें कसब निर्विवाद आहे. पण तिपाई, जड पेटी आणि काचेच्या प्लेटी हा त्यांचा संसार राजवाड्यासच शोभणारा. अंगणांत धान्य पाखडणाऱ्या आजीसाठीं तो कोण मांडणार?

१९२५ त विक्रीस आलेल्या जर्मन ‘लायका’नें सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका रिळांत ३६ चित्रें घेण्याची सोय केली. कॅमेरा खिशांत मावूं लागला. त्याची किंमत मात्र मावेना! आपल्याकडे घरोघर पोंचला तो पुढें बडोद्यास बनूं लागलेला ‘आग्फा क्लिक थ्री’. बारा चौकोनी चित्रें, अंतर जुळविण्याची कटकट नाहीं. बीडच्या कंकालेश्वराचें जलवेष्टित मंदिर टिपण्यास भर उन्हांत तो पुरेसा. गाभाऱ्याच्या काळोखांत निरुपयोगी. या बाबतींत १९६७ चा जपानी ‘ऑलिंपस ट्रिप’ अधिक प्रामाणिक. प्रकाश अपुरा असला, कीं डोळ्यास लावलेल्या खिडकींत लाल खूण दाखवून तो चित्र घेण्याचेंच नाकारतो. शिवाय त्यास बॅटरी लागत नाहीं. नित्याच्या वापरास मी ट्रिपच निवडीन.

तथापि आमच्या घरचा इतिहास क्लिकनेंच लिहिला. सूर्य पाठीशीं घ्यावा, या नियमाच्या पालनामुळें आजीच्या एका चित्रांत छायाचित्र घेणाऱ्याची लांब सावलीहि उमटली आहे. आजी मात्र सुपावरून मान वर करीत नाहीं.