एका बारीक नळीचा इतिहास

‘बाळ पेटीत ठेवलंय’ हे वाक्य आता अनेक घरांत ऐकू येतं. त्या पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हातातून, पायातून किंवा नाळेतून बऱ्याचदा एक बारीक नळी आत गेलेली असते. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. हिलाच सेंट्रल लाइन म्हणतात. या नळीने असंख्य मुलं जगवली, तशी काहींचा जीवही घेतला. तिच्या इतिहासाच्या या दोन्ही बाजू एकत्रच वाचायला हव्यात.

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वर्नर फोर्समन या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि एक्स-रे काढून ते सिद्ध केलं. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. १९४०च्या दशकात बोस्टनचे लुई डायमंड नवजात बाळाचं रक्त बदलण्यासाठी नाळेच्या शिरेत प्लास्टिकची नळी घालू लागले. १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्मोर आणि डड्रिक यांनी आतडं जवळपास नसलेल्या एका नवजात मुलीला केवळ शिरेतून अन्न देऊन वाढवल्याचं जगापुढे मांडलं. ती मुलगी पुढे वाचली नाही. पण पोटात दूध न जाताही मूल वाढू शकतं, हे तिने दाखवून दिलं. १९७३ मध्ये लंडनच्या शॉ यांनी सिलिकॉनची अतिशय बारीक नळी सुईतून शिरेत घालण्याची पद्धत मांडली. त्यानंतर अगदी छोट्या बाळांनाही हा मार्ग खुला झाला.

मार्ग उघडला, तसे धोकेही आत आले. आईकडून बाळाला मिळणारी बहुतेक प्रतिकारशक्ती शेवटच्या तीन महिन्यांत मिळते. त्याआधीच जन्मलेल्या बाळाला आपल्या त्वचेवरचे साधे जंतूही नळीवाटे रक्तात शिरून गाठतात. नळीभोवती रक्ताच्या गुठळ्या होतात. नाळेतून घातलेली नळी भरकटून यकृतात शिरू शकते.

सर्वांत घातक प्रकार हृदयाचा. टोक हृदयाच्या आत राहिलं, तर त्याचं घर्षण आणि साखरेचं दाट द्रावण यांमुळे कोवळी भिंत झिरपू लागते. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचतं आणि हृदय दाबलं जातं. एक किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम ८०-९० मिलिलिटर रक्त असतं. तिथे थोडंसं पाणीही पुरेसं ठरतं. काही वेळापूर्वी ठीक असलेलं बाळ अचानक निळं पडतं. वेळीच ओळखलं, तर सुईने ते पाणी काढून जीव वाचवता येतो.

मँचेस्टरमध्ये अशा चार बाळांचे मृत्यू झाले. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने त्यांची चौकशी केली. २००१ मध्ये अहवाल आला: नळीचं टोक हृदयाच्या कप्प्यांबाहेर ठेवा, एक्स-रेवर खात्री करा. बाळाने हात दुमडला तरी टोक सरकतं, म्हणून तपासणी एकदाच करून भागत नाही.

हात धुणं, टोक पाहणं, गरज संपताच नळी काढणं हे नियम आज साधे वाटतात. पण हृदयाबाबतचा नियम चार मृत्यू दडपले न जाता कागदावर आले, म्हणून ठळक झाला. चूक लपवली असती, तर पाचवं बाळही तसंच गेलं असतं. त्या चार बाळांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. तरीही पेटीतून सुखरूप घरी येणारं प्रत्येक मूल त्यांचं देणं लागतं.