कोदवलीचे पाणी आणि राजापूरचे आरोग्य

अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमाजवळ, डोंगरउतारांच्या खोलगट भागात वसलेल्या राजापूरचे नाव इतिहासग्रंथांत येते ते मुख्यतः इंग्रजांच्या वखारीमुळे आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या वखारीवर केलेल्या कारवाईमुळे; परंतु या जुन्या बंदराने पिण्याच्या पाण्याची जी सोय केली, ती तेथील सामान्य माणसाच्या आयुष्याशी वखारीपेक्षा कितीतरी अधिक निगडित आहे, आणि म्हणून तिचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा.

कोकणात पाऊस उदंड पडतो, तरी चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात, कारण येथील जांभा दगड सच्छिद्र असून पाणी त्यातून झपाट्याने निघून जाते. याच सच्छिद्रतेमुळे, विहिरीच्या वरच्या अंगाला शौचखड्डा किंवा उकिरडा असल्यास त्यातील घाण पहिल्या पावसाबरोबर विहिरीत उतरू शकते. जुलाब-उलट्यांनी माणसाला काही तासांत कोरडे पाडणारी पटकी, म्हणजे कॉलरा, अशाच पाण्यातून पसरते, हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले, तर रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये तिचा जंतू निश्चित केला.

राजापुरात नगरपालिका स्थापन झाली १८७६ मध्ये, म्हणजे कॉख यांच्या शोधाच्याही आधी. कोदवली नदी अडवून, तिचे पाणी नळाने उताराच्या जोरावर शहरात आणण्याची व्यवस्था ब्रिटिश काळातच झाली होती, आणि तो बंधारा ‘सायबाचे धरण’ याच नावाने लोकांच्या तोंडी राहिला. वस्तीच्या वरच्या बाजूने पाणी घेणे हे या योजनेचे खरे मर्म होय. कारण गावाची घाण खाली वाहते, वर चढत नाही.

मात्र नळ सर्वत्र पोहोचत नाही. जवळच्या उन्हाळे येथील राजापूरची गंगा, म्हणजे साधारणतः काही वर्षांच्या अंतराने प्रकट होऊन काही काळाने लुप्त होणारा झऱ्यांचा समूह, वाहू लागली की चौदा कुंडांवर स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. अशा गर्दीत श्रद्धेला धक्का न लावता पिण्याचे पाणी वेगळे ठेवणे, हीच आरोग्य यंत्रणेची कसोटी असते. मुंबईतील प्लेगनंतर आलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याने प्रवाशांची तपासणी करण्याचे व रुग्णांना वेगळे ठेवण्याचे अधिकार सरकारला दिले. परंतु सक्तीने आजारी माणूस शोधता येतो, विहीर स्वच्छ राहत नाही.

ते काम आज महाराष्ट्रातील गावांत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि आरोग्य सेवक करतात. टीसीएल, म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर, पाण्यात मिसळल्यावर नळाचे थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ओटी, म्हणजे क्लोरीन तपासण्याच्या, द्रावणाचे थेंब टाकले जातात; पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग आला नाही तर नाही. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होणाऱ्या सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले आणि का, हे प्रत्येक ग्रामस्थाने ग्रामसभेत विचारावे.