शाळेचा बँड स्पर्धेत उतरवायचा आहे? जूनपासून जानेवारीपर्यंतच्या तयारीची पूर्ण माहिती

नागपूर : १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आला की शाळेचे ढोल बाहेर निघतात आणि कार्यक्रम झाला की पुन्हा खोलीत जातात. अशा चार दिवसांच्या सरावावर झेंडावंदन निभतं, स्पर्धा निभत नाही. स्पर्धेसाठी वाद्यं महागडी असावी लागतात, असा समज आहे. खरं काम मात्र पाय आणि ठोका एकत्र पडण्याचं आहे. त्याला पैसा कमी आणि महिने जास्त लागतात. काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूर, कुही अशा तालुक्यांतल्या शाळांना उपयोगी पडेल अशी माहिती इथे दिली आहे.

स्पर्धा कोणती?

शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा केंद्राचं शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून घेतात. ती प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमांचा भाग असते. आधी राज्याची फेरी, मग विभागाची आणि शेवटी जानेवारीत दिल्लीला अंतिम फेरी. २०२५ ची अंतिम फेरी मेजर ध्यानचंद स्टेडियममध्ये झाली.

गट चार आहेत : मुलांचा ब्रास बँड, मुलींचा ब्रास बँड, मुलांचा पाईप बँड आणि मुलींचा पाईप बँड. ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम अशी पितळी वाद्यं मुख्य असतात. पाईप बँडमध्ये बॅगपाईप असते. ढोल आणि साइड ड्रम दोन्हीकडे लागतात. प्रत्येक गटात पहिलं बक्षीस २१ हजार, दुसरं १६ हजार आणि तिसरं ११ हजार रुपये आहे.

राज्य मंडळाची शाळाही यात उतरू शकते. पथकात किती मुलं चालतील, किती मिनिटं मिळतील, हे त्या वर्षाच्या पत्रकात असतं. शाळा सुरू झाल्याबरोबर मुख्याध्यापकांनी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी करून ठेवावी.

शहराला जागेची अडचण, गावाला सोय

नागपुरातल्या रामदासपेठेत शाळाही आहेत आणि दवाखानेही भरपूर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार दवाखाना, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरता येतो. तिथे दिवसाची आवाजाची मर्यादा ५० डेसिबल आहे. ढोल वाजवणं आणि कर्णा फुंकणं यावरही बंधन आहे. अशा वस्तीत रोज तासभर ढोल बडवता येत नाही. तिथल्या मुलांना रबरी पॅडवर हात बसवावा लागतो आणि आवाज न करता पाय जुळवावे लागतात.

गावातल्या शाळेकडे मैदान असतं आणि जवळ दवाखाना नसेल तर आवाजाचीही अडचण नसते. तरी शहराची ही पद्धत गावानेही घ्यावी. बाकावर जुन्या टायरचा तुकडा ठेवून काडी चालवली की चूक लगेच ऐकू येते. ढोलाच्या दणक्यात तीच चूक लपते. पावसाळ्यात व्हरांड्यातला सरावही असाच होतो.

जून-जुलै : निवड आणि पाय

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे १५ ऑगस्टला जेमतेम सात आठवडे मिळतात.

निवड सोपी आहे. पोरांना चालता चालता टाळी वाजवायला सांगावं. ज्याची टाळी डाव्या पायावर नेमकी पडते, तो ड्रमला चालतो. बेस ड्रम जड असतो, तो किरकोळ अंगाच्या मुलाला देऊ नये. मुख्य पथक आठवी-नववीचं ठेवावं. सहावी-सातवीची मुलं मागे शिकाऊ म्हणून घ्यावीत, नाहीतर दरवर्षी शून्यातून सुरुवात करावी लागते.

पहिले पंधरा दिवस वाद्य हातात देऊच नये. तेज चालीत मिनिटाला साधारण ११६ ते १२० पावलं पडतात. मोबाईलवर मेट्रोनोम नावाचं फुकट अ‍ॅप मिळतं. त्यात हा आकडा टाकला की तो टकटक ठोका देतो. मैदानावर चुन्याच्या रेघा आखाव्यात आणि पाऊल सगळ्यात बुटक्या मुलाला झेपेल तेवढंच ठेवावं.

शिकवायला कोण? निवृत्त फौजी हा चांगला पर्याय आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे आणि जिल्ह्यात माजी सैनिकही आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करता येते. गावातला लग्नाच्या बँडमधला वादकही फुंक आणि बोटं उत्तम शिकवतो. फक्त वरातीची चाल आणि संचलनाची चाल वेगळी, हे त्याला आधी सांगून ठेवावं.

ऑगस्ट : पहिली परीक्षा

राष्ट्रगीत ५२ सेकंदांत बसलं पाहिजे. मोबाईलवर वेळ लावून रोज तपासावं. ६० सेकंद लागत असतील तर ठोका ढिला पडतोय. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आहे, तेही याच वेळी बसवून घ्यावं.

नुसता बिगुल असलेल्या शाळेने लक्षात घ्यावं की त्याला कळा नसतात, त्यामुळे त्यातून मोजकेच सूर निघतात. पूर्ण गाणं वाजवायला कळा असलेला ट्रम्पेट लागतो.

मागची रांग मागे का पडते?

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथक १७ मीटर लांब असेल तर एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोहोचतो. प्रत्येक जण शेजारच्याला ऐकून वाजवू लागला की हा उशीर वाढत जातो.

उपाय असा : बेस ड्रम पथकाच्या मधे किंवा मागे ठेवावा. बेस ड्रमवाल्याने फक्त पुढच्या ड्रम मेजरच्या दंडाकडे पाहावं. बाकीच्यांनी बेस ड्रम ऐकावा. आठवड्यातून एकदा शाळेच्या गच्चीवरून व्हिडिओ काढून मुलांना दाखवावा. रांग कुठे वाकडी होते ते त्यांना स्वतःलाच दिसतं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर : सोंगणी, वेचणी आणि हजेरी

ग्रामीण पथक मोडतं ते इथे. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, काटोल-नरखेडकडे संत्र्याची तोड, आणि मधे दिवाळीची सुटी. राज्य आणि विभागाच्या फेऱ्याही अंतिम फेरीच्या आधीच्या महिन्यांतच येतात. घरी मजूर मिळत नसेल तर पोरगं वावरात जाणारच. त्याला रागावून उपयोग नाही.

- प्रत्येक जागेला दोन मुलं तयार करावीत. एक नसलं तर दुसरं उभं राहील.
- सराव संध्याकाळी न घेता परिपाठाआधी ४५ मिनिटं घ्यावा. वावरातली कामं दुपारनंतरही चालतात.
- पालकांची बैठक सप्टेंबरच्या सुरुवातीलाच घ्यावी आणि स्पर्धेच्या तारखा कागदावर द्याव्यात. तारीख आधी कळली तर घरचे एक दिवस सोडतात.
- मुलींसाठी गाडीची वेळ पाहूनच सराव ठरवावा. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, पण शेवटची गाडी चुकली तर पास असून उपयोग नाही. एकदा उशीर झाला की घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत.

थंडीत सूर उतरतो

गारठ्यात पितळी वाद्याचा सूर खाली येतो, उन्हात वर चढतो. म्हणून वाजवण्याआधी पाच मिनिटं वाद्यात नुसती हवा फुंकून ते गरम करावं आणि मगच सूर जुळवावा. दिल्लीची जानेवारी नागपूरपेक्षा थंड असते, तेव्हा डिसेंबरात सकाळचा सराव उघड्यावरच घ्यावा. मुखनळी प्रत्येकाची वेगळी असावी. नसेल तर दर वेळी साबणाने धुवावी. ओठ थकले की सूर फाटतो, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी विश्रांती द्यावी.

हरल्यावर काय?

पहिल्या वर्षी राज्याच्या फेरीतून पुढे जाणं कठीणच. पण फेब्रुवारीत ढोल खोलीत टाकू नयेत. दहावीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आपलं वाद्य आणि आपला भाग खालच्या वर्गातल्या एका मुलाला शिकवून द्यावा. ढोलांचे ताण सैल करून ते कोरड्या जागी ठेवावेत, पितळी वाद्यं पुसून पेटीत ठेवावीत आणि कोणतं वाद्य कोणाकडे आहे याची नोंदवही ठेवावी. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा निम्मं पथक तयार असेल.