टाळ मागे, गायक पुढे

जांब समर्थसारख्या गावातल्या भजनी मंडळाचे गाणे एकाच मायक्रोफोनवर टिपायचे तर टाळ पुढे येतात आणि शब्द हरवतात. हा पेच जुनाच आहे. १९३२ साली कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हा आपल्याकडे पार्श्वगायन रुळले नव्हते. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे अभिनय करता करताच गात. साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसून वाजवत. ध्वनिलेखनाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. सगळे आवाज एकदमच मुद्रित होत असल्याने एखादे वाद्य मागाहून हळू करणे शक्य नव्हते. आम्हाला वाटते, त्या काळी कोणी कुठे बसायचे हे ठरवणे म्हणजे निम्मे ध्वनिलेखनच!

यामागचे गणित वर्गात सांगता येईल. मोकळ्यावर अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते. देवळाच्या दगडी सभामंडपात मात्र भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो, त्यामुळे टाळकरी कितीही मागे सरकले तरी टाळ एका मर्यादेपलीकडे मंदावत नाहीत. तिथे गायकालाच मायक्रोफोनच्या जवळ, हातभर अंतरावर बसवावे.