सुई, दोरा आणि शाडू : मराठी घरांतील एका अलिखित इतिहासाविषयी

सुरतेचा इतिहास म्हटला की १६१३ ची इंग्रजांची वखार, १६६४ आणि १६७० च्या शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या, जरीचा व्यापार आणि अलीकडचा हिऱ्यांचा उद्योग या गोष्टी ओघानेच येतात. हा इतिहास बंदराचा, पेढ्यांचा आणि बाजाराचा आहे. त्याची साधने दप्तरांत आहेत, आणि आयुष्याची बरीच वर्षे दप्तरांतच घालविल्यामुळे आम्हांला त्यांचे महत्त्व ठाऊक आहे. परंतु घरांच्या आत जे घडत होते त्याचे दप्तर कोणी ठेवले नाही. आपल्या आई-आजींनी क्रोशाच्या सुईने आणि ओल्या मातीने जे निर्माण केले, त्याचा मागोवा घेण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

आपली कुटुंबे या भूमीत एकाच वाटेने आलेली नाहीत. काही गायकवाडांच्या पदरी सोनगड, व्यारा, नवसारी या बाजूंना आली आणि मागाहून सुरतेत स्थिरावली. काही इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या नोकऱ्यांमुळे आली; १ मे १९६० पूर्वी सुरत आणि पुणे हे एकाच मुंबई राज्याचे जिल्हे होते, हे आजच्या मुलांना सांगितले तर नवल वाटते. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील लोहमार्ग अमळनेरपर्यंत पोहोचला, आणि खानदेशचा ओघ सुरू झाला. पुरुषांनी सोबत काय आणले याची नोंद वतनपत्रांत आणि सेवापुस्तकांत सापडते. स्त्रियांनी आणले ते ट्रंकेच्या तळाशी होते किंवा बोटांत होते.

क्रोशाची कला मुळात आपली नव्हे. युरोपात तिचे छापील नमुने १८२० नंतरच्या दशकात दिसू लागले. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या रोगामुळे भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील हजारो स्त्रियांनी याच सुईवर कुटुंबे जगविली. मिशनरी बायकांच्या हातून ही सुई हिंदुस्थानात आली. आंध्रातील नरसापूरच्या परिसरात तर तिचा मोठा गृहोद्योगच उभा राहिला. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले; पुढे केडगावच्या मुक्ती सदनात स्त्रियांच्या हातांना अनेक प्रकारचे काम मिळाले. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. एकट्या पडलेल्या स्त्रीच्या हाती सुई म्हणजे दोन घासांचा आधार, ही जाणीव या सर्व खटपटींमागे होती.

गुजरातेतील मराठी माणसाला मात्र पुण्यापेक्षा बडोदे जवळचे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी तेथे कलाभवन स्थापिले. त्याचे आद्य सूत्रधार प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, ही गोष्ट आपण सुरतकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. महाराणी चिमणाबाई दुसऱ्या यांच्या नावाने १९१४ पासून बडोद्यात स्त्री-उद्योगालय चालू झाले. शिवण, भरतकाम, विणकाम शिकून स्त्रीने स्वतःच्या पायांवर उभे राहावे हा त्याचा हेतू. १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षाही याच महाराणी होत. आमच्या आईची मावशी उद्योगालयात शिकलेली. तिने आईला शिकविले, आणि १९५६ साली आई लग्न होऊन सुरतेत आली ती रुखवतात क्रोशाचे अकरा नग घेऊन. ताटावरचे रुमाल, दाराचे तोरण, बाळासाठी टोपडे, आणि रेडिओ घरात नसतानाही रेडिओवर घालायचे एक आच्छादन!

ज्यांनी हे काम हातात घेतलेले नाही त्यांना ते सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यात गणित आहे. चार-सहा साखळ्यांचे कडे करून त्यात बारा खांब घालावयाचे. पुढच्या फेरीत चोवीस, त्यापुढे छत्तीस. दर फेरीला बारा वाढले तर रुमाल सपाट बसतो. वाढ कमी पडली की कडा वर उचलून टोपी होते, आणि जास्त झाली की झालर पडते. आईचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. परंतु पूर्ण झालेला रुमाल नुसता पाहून ती खांब कोठे चुकला ते सांगत असे. आमच्या शेजारच्या गुजराती काकी या सुईला अंकोडी म्हणत. त्यांनी आईकडून मुका खांब शिकून घेतला आणि आईला मोत्यांचे तोरण ओवावयास शिकविले. दोन्ही भाषा मोडक्यातोडक्याच बोलल्या जात, पण काम अडले नाही. आमच्या दारावरचे तोरण त्यामुळे अर्धे क्रोशाचे आणि अर्धे मोत्यांचे होते.

मातीचे काम याहून पुष्कळ जुने, आणि ते पंचांगाला बांधलेले. नागपंचमीचा नाग, पोळ्याचे बैल, भाद्रपदातला गणपती. खानदेशातून आलेल्या घरांत भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर गुलाबाई. आणि दिवाळीत किल्ला. शाडूची माती ही आपली महाराष्ट्राची मिरास, असा आमचा समज होता. पुढे कळले की पेणच्या कारखान्यांत जाणारी शाडूदेखील पुष्कळशी गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. म्हणजे माती गुजरातची आणि मूर्ती मराठी! आपल्या समाजाचे याहून नेमके वर्णन आम्हांला तरी सुचलेले नाही.

घरच्या मातीकामाला कमी लेखू नये याचा एक दाखला सासवण्याचा आहे. अलिबागजवळच्या या गावी करमरकरांच्या घरी गणपती घडविले जात. त्या घरातील मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे जिल्हाधिकारी ऑटो रोथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्यास साहाय्य केले. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ही त्याच विनायकराव करमरकरांची कृती. फिरतीवर असताना डोळे उघडे ठेवणारा अधिकारी काय करू शकतो, हेही यातून दिसते.

किल्ल्याची गोष्ट सुरतेत थोडी निराळी. ज्या शहराच्या स्मृतीत महाराजांच्या स्वाऱ्या लूट म्हणून राहिल्या, त्याच शहराच्या अंगणांत आम्ही पोरे विटा, पोती आणि चिखल यांचा राजगड रचत होतो. शेजारची गुजराती मुले मावळे मांडू लागत. कोणाच्या आजोबांनी कोणाची पेढी लुटली हा प्रश्न त्या चिखलात कधी निघाला नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. गुजरातच्या हद्दीलगतचा साल्हेर त्यांत आहे. ती बातमी वाचताना आम्हांला पहिल्यांदा आठवला तो अंगणातला, अळीव पेरून हिरवा केलेला किल्ला.

आता एक कबुली. सेवेत असताना आम्ही जनगणनेच्या कामावर देखरेख केली आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रीची गणना त्या प्रपत्रात काम न करणाऱ्यांत होई. नियम तो नियम. पण १९९१ साली आमच्याच घराचे प्रपत्र डोळ्यांखालून गेले, तेव्हा आईच्या नावापुढेही तेच होते, आणि आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. त्या वेळी ती ओसरीत बसून शेजारच्या सुनेच्या बाळंतविड्याचे टोपडे विणत होती. तिच्या कामाला आम्ही घरातही ‘रिकामपणाचा उद्योग’ म्हणत असू. ती हसून सोडून देई.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. आमचा तळमजला छताजवळपर्यंत बुडाला. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तर अकरा नगांचे एक चिखलाचे गाठोडे झाले होते. आईने प्रत्येक नग सात-आठ पाण्यांतून काढला. दोरा कोठेही तुटला नाही, मात्र पिवळसर डाग गेला नाही. पुढे तीन आठवड्यांनी, २७ तारखेला गणेश चतुर्थी होती. बाजारातून मूर्ती आणावी अशी घराची अवस्था नव्हती. माळ्यावर डब्यात आदल्या वर्षीची थोडी शाडू कोरडी राहिली होती. आईने ती चाळली, भिजविली, चिरा पडू नयेत म्हणून थोडा कापूस पिंजून मळली आणि वीतभर गणपती केला. दमट हवेमुळे तो नीट वाळलाच नाही. रंगाऐवजी गेरू आणि हळद लावली. डागाळलेल्या रुमालावर त्याची स्थापना झाली. दीड दिवसाने त्याला बादलीत विसर्जित केले, कारण तापीकडे जाण्याचे मन कोणाचेच नव्हते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली आणि मातीच्या मूर्तींचा पुरस्कार केला, तेव्हा आम्हांला ती बादली आठवली. शासनाला जे सांगण्यास परिपत्रक काढावे लागले, ते घरातील बायका काहीही न लिहिता करीत आल्या होत्या.

आई २०१४ साली गेली. तिच्या सुया आमच्याकडे आहेत. त्या कशा धरावयाच्या हे घरात कोणालाच ठाऊक नाही. अकरापैकी सहा नग उरले. आमच्या नातीने त्यांतील एक रुमाल उचलून विचारले, “हा कोणी केला?” आम्ही सांगितले. “मग नाव कुठे आहे?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून एक साधी विनंती. आपल्या घरी असा एखादा रुमाल, तोरण वा टोपडे असेल, तर कापडाच्या छोट्या पट्टीवर करणारीचे नाव, गाव आणि माहीत असेल तर साल लिहून ते मागील बाजूस शिवून ठेवावे. ज्यांच्या हातांत अजून कला आहे त्यांनी घरातील एका तरी मुलीला अथवा मुलाला बारा खांबांचे कडे शिकवावे. आम्ही स्वतः वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एका परिचित भगिनींकडून ते शिकू लागलो आहोत. आमचा रुमाल अद्याप टोपीच होतो.