वसईच्या घंटा आणि येझदीचं बुश

आजच्या भागाची सुरुवात एका आवाजाने. हेडफोन लावले असतील तर नीट ऐका.

[लेथवर धातू कापल्याचा आवाज]

हा आवाज मी वसई पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात मोबाइलवर रेकॉर्ड केला. खरं तर हा भाग वसईच्या किल्ल्यात व्हायचा होता. तो गाळ्यात का झाला, तीच आजची गोष्ट.

मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि तिथली दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. मग तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. आठ दिवस मी त्यांचाच माग काढत फिरत होतो, पण उलट्या दिशेने. आधी घंटा, शेवटी वसई. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावरची घंटा पाहिली. तिच्यावर 1707 हे साल आहे, बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि ती आहे शंकराच्या देवळाजवळ. मग भीमाशंकर, मग नाशिकला गोदाकाठचं नारोशंकराचं देऊळ. देऊळ 1747 चं, घंटा 1721 ची. म्हणजे घंटा देवळापेक्षा मोठी!

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत मनोरला हायवेला लागलो. जव्हारच्या आधीच मागचं चाक डोलतंय असं वाटत होतं. हवा कमी असेल म्हणून दुर्लक्ष केलं. हायवेवर शिरसाडच्या जवळ बाजूने एक कंटेनर गेला आणि गाडीची शेपटी अशी हलली की पोटात गोळाच आला. मुकाट कडेला घेतली.

पहिल्या टपरीवाल्याने गाडी बघून हात जोडले. "येझदी? पार्ट कुठून आणू?" त्याचंही बरोबरच होतं. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी 1961 पासून गाड्या बनवत होती, ती 1996 साली बंद पडली. 2022 मध्ये येझदी नाव परत आलं खरं, पण ती गाडीच वेगळी. तिचा पार्ट माझ्या गाडीला कशाला बसतोय! त्याने एक नंबर दिला. तासाभराने छोटा टेम्पो घेऊन साठीचे एक काका आले, वसईचेच. गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं आणि म्हणाले, "चिमट्याचं बुश गेलंय. अशी चालवली असतीस तर आज माझ्याऐवजी दुसऱ्याच गाडीत बसला असतास."

चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंग आर्म. तो ज्या शाफ्टवर वरखाली होतो, त्याच्याभोवती धातूची छोटी नळी असते. तेच बुश. ते झिजलं की चाकाला आडवा खेळ येतो.

"नवीन मिळणार नाही," काका म्हणाले. "बनवून घेऊ."

हे वाक्य वसईतच इतक्या सहज ऐकायला मिळतं. मुंबईत जागा महाग होत गेली तसे लहान कारखाने उत्तरेला सरकले. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार इथे गाळ्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. वसई-विरार म्हटलं की आपल्याला फक्त गर्दीची लोकल आठवते (तीही जुनीच, 1867 सालची). पण हायवेच्या बाजूची ही वसई दिवसभर लोखंड, पितळ, प्लास्टिक कापत असते.

टर्नरने आधी जुनं बुश मोजलं, मग शाफ्ट मोजला. "शाफ्ट ठीक आहे," तो म्हणाला. "झिजायचं काम बुशचं. म्हणून ते मऊ ठेवतात." गनमेटलचा दांडा लेथवर चढवला. बाहेरचा व्यास केसाएवढा जास्त ठेवला, म्हणजे बुश चिमट्यात दाबून घट्ट बसेल. आतून मात्र शाफ्ट सुळकन फिरला पाहिजे.

मी विचारलं, गनमेटल का म्हणतात? त्याने खांदे उडवले. उत्तर नावातच आहे. हा तोफांचा धातू. साधारण 88 टक्के तांबं, 10 टक्के कथील, थोडं जस्त. आणि घंटेचा धातू? तोही तांबं आणि कथीलच. फक्त कथील दुपटीच्या आसपास. कथील वाढलं की धातू कडक होतो, छान वाजतो, पण ठिसूळ होतो. कमी असलं की मार सोसतो. युरोपात लढाई आली की चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतत, ते याच नात्यामुळे. वसईच्या घंटाही वितळू शकल्या असत्या. त्या वाचल्या, कारण कुणीतरी त्यांना पुन्हा कामाला लावलं.

पण हे बोलणं मला सोपं आहे. टर्नर काम करत होता तेव्हा काकांनी विचारलं, कुठून आलास? मी घंटांचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या घंटा बघून आलास होय. वाजतात अजून?"

आमच्या. आठ दिवस मी त्या घंटांकडे फक्त विजयाची खूण म्हणून बघत होतो. ज्या गावातून त्या गेल्या, ते गाव माझ्या स्क्रिप्टमध्ये कुठेच नव्हतं.

मी मोबाइल काढून मेणवलीचा एक टोल ऐकवला. काकांनी तो कानाशी धरला. लेथच्या आवाजात नीट ऐकू येईना, तर ते बाहेर रस्त्यावर जाऊन ऐकून आले.

"चांगली आहे," एवढंच म्हणाले, आणि बुश प्रेसवर दाबायला घेतलं.

संध्याकाळी येझदी सरळ रेषेत धावली. किल्ल्यात पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. पडक्या चर्चचे मनोरे दिसत होते. तिथे काहीच रेकॉर्ड केलं नाही.

जाता जाता एक काम सांगतो. लांबच्या प्रवासाआधी गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ जाणवला तर आधी चिमट्याचं बुश बघून घ्या. आणि तुमच्या गावच्या देवळात किंवा चर्चमध्ये जुनी घंटा असेल, तर तिच्यावरचं साल वाचा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!