डार्क चॉकलेटमधील गंधद्रव्ये

कोकोच्या ताज्या बीला चॉकलेटचा वास नसतो. गरासह बिया काही दिवस आंबवल्या की प्रथिनांपासून मुक्त ॲमिनो आम्ले व पेप्टाइडे, तर सुक्रोजपासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. हाच टप्पा निर्णायक. न आंबवलेली बी कितीही भाजली तरी खरा चॉकलेटगंध येत नाही. साधारण १२०–१४० अंश सेल्सिअसला भाजताना आंबवणीत बनलेली ॲमिनो आम्ले व शर्करा यांच्यात मेलार्ड अभिक्रिया घडते. तिच्याशी निगडित स्ट्रेकर विघटनात ल्युसीनपासून माल्टच्या वासाचे ३-मिथिलब्यूटॅनाल, तर फेनिलॲलानीनपासून मधाची आठवण देणारे फेनिलॲसिटाल्डिहाइड मिळते. भाजका खमंगपणा पायराझिनांचा. एक्वादोरच्या नॅसिओनाल वाणाचा मोहक, फुलांसारखा दरवळ मात्र लिनॅलूलशी जोडलेला आहे. रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये बर्न येथे शोधलेल्या काँचिंगमध्ये, म्हणजे उबदार चॉकलेट तासन्‌तास घोटताना, ॲसिटिक आम्ल उडून जाते आणि आंबूसपणा घटतो.